उपवास आणि अतिथी

चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅशियन हा साधक बेथलेहेमच्या मठातून इजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्व्यांकडे गेला. कठोर उपवास करणारे हे वृद्ध पाहुणा येताच उपवास सोडून त्याच्यासह जेवत. कॅशियनने नवल वाटून कारण विचारले. एका वृद्धाने समजावले, की उपवास सदैव आपल्याजवळच असतो. अतिथी मात्र निघून जातो. उपवास स्वेच्छेचा, तर प्रेम ही आज्ञा आहे. आणखी एका वृद्धाने सहा पाहुण्यांसाठी सहा वेळा पान मांडले. प्रत्येकासोबत इतके अल्प घेतले, की तो भुकेलाच राहिला. अतिथी गेल्यावर सुटलेला उपवास अधिक काटेकोरपणे भरून काढला जाई. स्वतःसाठी घेतलेला नियम दारी आलेल्याला उपाशी ठेवू लागला, तर त्यात तप उरत नाही.