लोकसहभाग म्हणजे वर्गणी नव्हे



लेकरांच्या भल्यासाठी सरकारनं धोरणं कमी काढलेली नाहीत. 2013 साली केंद्राचं राष्ट्रीय बाल धोरण आलं, 2014 साली राज्याचं आलं. राष्ट्रीय धोरणात आरोग्य-पोषण, शिक्षण आणि संरक्षण यांच्या जोडीला चौथी बाब मुद्दाम घातली आहे : सहभाग. ज्यांच्यासाठी निर्णय घ्यायचा, त्यांचं म्हणणं ऐकायचं. वाचायला गोड आहे. पण आमच्या गावात हे विचारायला कोणी आलं नाही. मसुदा निघाला, हरकती-सूचना मागवल्या, हे आम्हाला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. आणि मुदत असते तेव्हा आम्ही वेचणीत असतो.

पण सरकारला लोकसहभाग नकोच असतो, असं मात्र म्हणता येत नाही. पैशाची वेळ आली की तो शब्द बरोबर आठवतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये राज्यानं ठरवलं की शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं, अंडं न खाणाऱ्याला केळ. वर्षाला सुमारे 50 कोटींची बाब. एवढ्या मोठ्या राज्याच्या तिजोरीत ही रक्कम म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. जानेवारी 2025 मध्ये दुसरा शासन निर्णय निघाला : अंड्यासाठी आणि साखरेसाठी वेगळा निधी नाही, द्यायचं असेल तर शाळेच्या समितीनं लोकसहभागातून द्यावं.

शब्द नीट पाहा. ठरवताना आम्हाला विचारलं नाही, काढून घेताना विचारलं नाही, खर्च करायला मात्र आम्ही. ज्या गावाचा कापूस हमीभावाच्या खाली गेला, त्या गावानं अंड्याची वर्गणी गोळा करायची! कारखान्याशेजारच्या बागायती गावातलं पोर अंडं खाईल, आणि आमच्या कोरडवाहू गावातलं पोर नुसत्या खिचडीवर राहील. जिथं गरज जास्त, तिथं घास कमी, असा हा सहभाग.

कोणी म्हणेल, गावानं थोडा भार उचलला तर काय बिघडलं? आम्ही उचलतोच. शाळेला जागा दिल्या, श्रमदान केलं, गळकं छप्पर वर्गणीतून नीट केलं. पण लेकराच्या ताटातला घास सरकारची मेहरबानी नाही. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला, तो लोकांनी जनहित याचिका लावली म्हणून. आपल्या राज्यातल्या 13 संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले आणि त्याच साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. मेलेली लेकरं सरकारी कागदापेक्षा कितीतरी जास्त निघाली. पुढं सरकारला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. 2007 पासून अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवायचं काम सुरू झालं. जनसुनवाईत बायाबापड्यांनी अधिकाऱ्यांसमोर उभं राहून विचारलं : डॉक्टर का नव्हता, औषध बाहेरून का आणायला लावलं? त्या पहिल्या पाचांत यवतमाळ नव्हतं.

यवतमाळचं नाव गाजलं ते वेगळ्याच कारणानं. 31 जानेवारी 2021 ला घाटंजी तालुक्यात 12 लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. कारवाई झाली ती खालच्या माणसांवर. वरची घडी होती तशीच राहिली.

आणि या साऱ्या धोरणांचा हिशेब काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2015-16 साली राज्यातली पाच वर्षांखालची शेकडा 34.4 लेकरं वयाच्या मानानं खुजी होती. 2019-21 साली 35.2. घटायचं ते वाढलं.

आम्हाला खरंच विचारलं असतं, तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पऱ्हाटी फुटली की वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धे रिकामे होतात. शाळेचं वेळापत्रक करणाऱ्याला हे ठाऊक नाही. पहाटे वावरात जाणाऱ्या मायच्या तान्ह्याला कोण सांभाळतं? अंगणवाडी तिच्या वेळेला उघडीच नसते. आणि ज्वारी! आमच्या घरी भाकर, शाळेत केंद्राचा तांदूळ, प्राथमिकच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम. 2023 हे भरडधान्याचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, ज्वारीच्या पौष्टिकपणावर भाषणं झाली. (हे आमच्या आज्यांना कोणी भाषणातून सांगितलं नव्हतं.) मग याच जिल्ह्याची ज्वारी हमीभावानं घेऊन याच जिल्ह्याच्या शाळांना का देत नाही? लेकराचं पोट आणि बापाचा भाव, दोन्ही एकाच पोत्यात आहेत.

म्हणून आमचं मागणं असं. पोषण आहारातला कोणताही घास लोकवर्गणीवर टाकायचा नाही. लेकरांबाबतचा मसुदा मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. सुनावणी तालुक्याला झाली पाहिजे, आणि पेरणी-वेचणी सोडून. आलेल्या सूचनेला हो की नाही, कारणासकट लेखी उत्तर मिळालं पाहिजे.

वाट पाहत बसायचं कारण नाही. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्याच पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करायचं काम त्याच समितीचं आहे. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, मागची बैठक कधी झाली, हे विचारा. नुसतंच सह्यांचं रजिस्टर फिरत असेल तर सही करू नका. महिनाभर फळ्याशेजारी कागद लावा : किती पोरं आली, काय शिजलं, कोणत्या दिवशी चूल पेटली नाही, अंगणवाडीचा वजनकाटा चालू की बंद. तो कागद ग्रामसभेत वाचा, ठराव घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि एक जिल्हा परिषदेत द्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोचेची झेरॉक्स पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या.