विश्लेषण : फ्लॅटमधल्या कुंडीत फळ का धरत नाही? घरासाठी फळझाड निवडताना काय पाहावे?

पावसाळा तोंडावर आला की शहरांतील रोपवाटिकांत गर्दी वाढते. ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवरही फळांनी लगडलेल्या कुंड्यांची छायाचित्रे झळकू लागतात. आंबा, चिकू, पेरू, अंजीर, ड्रॅगनफ्रूट अशा झाडांवर ‘इनडोअर’ असा शिक्का मारून ती विकली जातात. घरी आणल्यावर वर्षभर पाने हिरवी राहतात, पण फळ काही धरत नाही. दोष खताचा किंवा पाण्याचा असेल असे समजून त्यांचा मारा वाढवला जातो आणि मुळे कुजतात. बहुतेक वेळा अडचण वेगळीच असते. घरात फळापुरता प्रकाशच नसतो.

घरात प्रकाश नेमका किती कमी असतो?

प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात ती सुमारे १ लाख लक्स असते. ढगाळ दिवशीही उघड्यावर साधारण १० ते २० हजार लक्स मिळतात. दिवे लावलेल्या दिवाणखान्यात मात्र हा आकडा बहुधा १०० ते ३०० असतो. डोळा कमी प्रकाशाशी जुळवून घेतो, त्यामुळे माणसाला ती खोली उजेडाची वाटते. झाडाला ही सोय नाही. पानांत तयार झालेली साखर आधी झाडाच्या स्वतःच्या जगण्यासाठी खर्च होते आणि उरली तरच फळाकडे जाते. मनी प्लांटचे थोडक्यात भागते, कारण त्याच्याकडून पानांपलीकडे अपेक्षा नसते. मोबाइलवर लक्स मोजणारी मोफत अॅप मिळतात. त्यांची अचूकता बेताची असली तरी झाड ठेवण्यासाठी घरातल्या दोन जागांची तुलना करायला ती पुरतात.

कोणत्या दिशेची खिडकी चांगली?

युरोप-अमेरिकेतील बागकामाच्या सल्ल्यात दक्षिणेच्या खिडकीला पहिला मान असतो. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. मुंबई-पुण्यात तसे नाही. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते. मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो माथ्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला थेट ऊन जवळपास मिळत नाही. पूर्व आणि पश्चिम खिडक्यांना मात्र आकाश निरभ्र असेल तेव्हा वर्षभर काही तास ऊन मिळते. त्यातही समोरची इमारत, वरचा छज्जा आणि रंगीत काच हिशेबात धरावी लागते. म्हणून झाड घेण्यापूर्वी सुटीच्या एखाद्या दिवशी खिडकीत प्रत्यक्ष ऊन किती तास येते, हे घड्याळ लावून पाहणे उपयोगाचे.

मग कोणती झाडे निवडावीत?

पाच-सहा तास थेट ऊन येणारी बाल्कनी असेल तर अंजीर, पेरू, डाळिंब, कागदी लिंबू किंवा ड्रॅगनफ्रूट घेता येते. तीन-चार तास ऊन असेल तर ‘चायनीज ऑरेंज’ म्हणून विकले जाणारे छोटे आंबट संत्रे किंवा अननस बरा. अननसाला खोल कुंडी लागत नाही आणि शेंड्यापासूनही नवे रोप होते. मात्र एका फळासाठी दीड-दोन वर्षे किंवा त्याहून जास्त थांबावे लागते. थेट ऊन नाही पण भरपूर उजेड आहे, अशा जागी मूळच्या जंगलाच्या सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींचा विचार करावा. कॉफी आणि झुडपी मिरी ही त्याची उदाहरणे. मिरीच्या फळफांदीपासून केलेले रोप वेलासारखे चढत नाही, कुंडीतच झुडपासारखे राहते. आंब्याची हौस असेल तर गच्ची किंवा उघडी बाल्कनीच हवी. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून १९७१ मध्ये आलेला ‘आम्रपाली’ ठेंगणा असल्याने मोठ्या पिंपात सांभाळता येतो. हापूसचे झाड स्वभावतः मोठे होणारे आहे.

कलम घ्यावे की बियांचे रोप?

आंबा, चिकू आणि पेरू यांचे कलमच घ्यावे. कोयीपासून वाढवलेल्या आंब्याला फळासाठी अनेक वर्षे लागतात आणि फळ मूळ झाडासारखेच येईल याची खात्री नसते. कलम घेताना खोडावरील जोड नीट पाहावा. जोडाखालून फुटलेले कोंब काढून टाकावेत, अन्यथा कलमाची फांदी मागे पडते. पपईत नर झाडाचा धोका असतो, म्हणून उभयलिंगी फुले देणारे वाण विचारून घ्यावे. बंद खिडकीत कीटक येत नाहीत, हाही मुद्दा आहे. अंजीर, अननस आणि केळी यांना फळासाठी परागीकरण लागत नाही. डाळिंब किंवा पेरू फुलला तर मऊ कुंचला एका फुलावरून दुसऱ्यावर फिरवावा. ड्रॅगनफ्रूटचे फूल रात्री उमलते आणि काही वाणांना दुसऱ्या वाणाचे पराग लागतात.

कृत्रिम दिव्याने काम भागेल का?

काही प्रमाणात. ३० वॉटचा ग्रो लाइट रोज १२ तास चालवला तर महिन्याला सुमारे ११ युनिट वीज लागते. तो एखाद्या लहान झाडाला पुरतो, तोही एक-दीड फुटावर असेल तर. छताला लावलेल्या साध्या दिव्याने फळ धरत नाही. दोन-चार लिंबांसाठी वर्षभराचे वीजबिल परवडते का, हा हिशेब प्रत्येकाने आपला करावा.

सुरक्षेचे काय?

ओल्या मातीने भरलेल्या ५० लिटरच्या पिंपाचे वजन सुमारे ७५ किलो होते. निवासी इमारतींसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो, तर बाल्कनीसाठी ३०० किलो भार धरला जातो. यात माणसे आणि सामानही आले. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये अशी चार पिंपे ठेवली की बाल्कनीची ही मर्यादा तिथेच संपते. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय मोठी पिंपे मांडू नयेत. मातीत कोकोपीट मिसळले तर भार कमी होतो. कठड्यावर कुंडी ठेवणे खाली चालणाऱ्यांसाठी धोक्याचे असते. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून किमान एकदा ओतून ती घासून कोरडी करावी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण सात ते दहा दिवसांत पूर्ण होते आणि त्यासाठी ताटलीभर स्वच्छ पाणी पुरते.