वहिनी, कुठला अर्ज भरायचाय का?
सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला सारे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले, आणि आजही इथं घरोघरी कुणी ना कुणी फौजेत आहे. अशा घरात जवानाच्या बायकोलाच आई आणि बाप दोन्ही व्हावं लागतं. पोराला ताप आला तरी तीच, पालकसभेलाही तीच. रात्री फोनला रेंज मिळाली, तर धाकटी पाढे म्हणून दाखवते आणि पलीकडून ‘शाब्बास’ ऐकल्यावरच झोपते. या घरांसाठी सोयी आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत मुलांसाठी वसतिगृहं चालतात, केंद्रीय विद्यालयांत प्रवेशाला प्राधान्य मिळतं, विशेष मुलांसाठी ‘आशा’ शाळा आहेत. पण एकेका दाखल्यासाठी खेटे घालताना तिचा अख्खा दिवस मोडतो, आणि कितीतरी जणींपर्यंत ही माहिती पोचतच नाही. ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीत पैसे जरूर टाका. त्यासोबत शेजारच्या जवानाच्या दारात जाऊन एवढंही विचारा, ‘वहिनी, कुठला अर्ज भरायचाय का?’ सीमेवरच्या माणसाचा निम्मा घोर त्यानं हलका होईल.