जुना फोन आईला

शेवटी घेतला एकदाचा नवीन फोन! गेलं वर्षभर टीममधली मंडळी "अरे, केळकर संग्रहालयात नेऊन दे तो" म्हणून चिडवत होती. मी आपला "चालतोय ना, मग कशाला बदलायचा" म्हणत दिवस काढत होतो. डिसेंबर २०२० मध्ये, पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला फोन तो. लॉकडाऊनमधली सगळी स्टँड-अप कॉल्स, ताईच्या लग्नाचे फोटो, दोन नोकऱ्यांची ऑफर लेटर्स, सगळं त्याच्यावरच झालेलं. जीव जडतो हो.

पण दुपारी तीनला बॅटरी मान टाकायला लागली आणि मी हार मानली. मागच्या महिन्यात पिक्सेल ९ए घेतला. हा २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात आला तेव्हा किंमत होती ४९,९९९. मला सेलमध्ये जरा स्वस्त पडला. तरीसुद्धा पैसे देताना पोटात गोळा आलाच. आमच्या घरात अजूनही पाच आकडी खरेदी म्हणजे आधी चार दिवस चर्चा, मग "बघ बाबा, तुझं तू ठरव".

तर आता फर्स्ट इम्प्रेशन्स.

खोक्यात चार्जर नाही. हे माहीत होतं, तरी खोकं उघडल्यावर "अरेच्चा, एवढंच?" असं झालंच. फोन हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे मागून सपाट आहे. हल्लीच्या फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचं जे टेंगूळ असतं ते जवळजवळ नाहीच, त्यामुळे टेबलावर ठेवून टाइप करताना डुगडुगत नाही. स्क्रीन सेकंदाला १२० वेळा बदलते, आधीची ६० वेळा बदलायची. "डोळ्यांना कुठे कळतंय" असं मी छातीठोकपणे सांगायचो. कळतं. नव्यावर दोन दिवस काढून जुना हातात घेतला की जुना अडखळतोय असं वाटतं. कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आहे, पण एरवी फोटो निघतो १२ चाच, कारण चार-चार पिक्सेल एकत्र करून एक बनवतात. त्याने अंधारात फरक पडतो. बाल्कनीतल्या तुळशीचा दिव्याच्या उजेडातला फोटो असा आला की आईने तो लगेच डीपीला लावला. बॅटरी ५१०० एमएएचची, रात्री अकरालाही तीसेक टक्के उरते.

खरी कसरत सामान हलवण्यात. फोटो आणि कॉन्टॅक्ट्स केबल लावून तासाभरात आले. व्हॉट्सअॅपही आलं. पण बँकेची आणि यूपीआयची अॅप्स? तिथे प्रत्येकाला पहिल्यापासून ओळख पटवून द्यायची. सिम नव्या फोनमध्ये टाका, मग अॅप त्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवणार, मग हा नंबर याच फोनमध्ये आहे याची खात्री होणार. त्यातून पार पडलं की पहिला एक दिवस पैसे पाठवायची मर्यादा कमी. त्या रविवारी घरमालकाचं भाडं द्यायचं राहिलं आणि काकांना "उद्या देतो, फोन बदललाय" असं सांगावं लागलं. ते "बरं बरं" म्हणाले, पण आवाजात विश्वास नव्हता :)

चिडचिड झाली, पण खरं सांगतो, ही डोकेदुखी बरोबर आहे. तुमचा नंबर दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये गेला आणि तासाभरात खातं रिकामं झालं, तर त्यापेक्षा एक दिवस भाडं उशिरा गेलेलं परवडलं.

असो. चौथ्या दिवशी नवेपणा संपला. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. चौथ्या दिवशी फोन पुन्हा फक्त फोन होतो. तीच व्हॉट्सअॅप, तीच मॅनेजरची मेल, तेच रील्स, फक्त जास्त गुळगुळीत.

एवढ्यावर हा लेख संपायला हवा होता. पण मुद्दा पुढेच आहे.

आमच्याकडे फोनची उतरंड आहे. बहुतेक तुमच्याकडेही असेल. नवा फोन मला किंवा ताईला, आमचा जुना आईला, आईचा जुना बाबांना आणि बाबांचा जुना कपाटात, "असू दे, कधीतरी लागेल" या खणात. आईकडे तोवर ताईचा २०१७ मधला फोन होता. म्हणून पुढच्या शनिवारी साताऱ्याला गेलो, माझा जुना फोन रिसेट केला, नवी बॅटरी टाकून घेतली होती, नवं कव्हर, नवी काच. आई खूश. मी पण खूश. फोन वाया गेला नाही, पैसेही वाचले, आणि मुलगा म्हणून काहीतरी केल्याचं समाधान!

दोन आठवड्यांनी, ऑफिसात डिप्लॉयमेंट चालू असताना तिचा फोन.

"अरे, त्या लग्नाची पत्रिका उघडेना. काहीतरी परवानगी मागतंय. देऊ का?"

"कुठली पत्रिका?"

"व्हॉट्सअॅपवर आलीये. आपल्याच माणसाकडून आलीये रे. अनोळखी नाही."

मी तिला फोटो काढून पाठवायला सांगितलं. फाइलच्या नावात 'लग्नपत्रिका' आणि शेवटी 'एपीके'. म्हणजे पत्रिका नव्हतीच, अॅप होतं. ज्या नातेवाईकांच्या नंबरवरून ती आली होती त्यांचा फोन आधीच कुणीतरी ताब्यात घेतलेला. २०२४ पासून ही युक्ती जोरात आहे. कधी लग्नपत्रिका, कधी आरटीओचं चलन. अॅप बसलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. आणि अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मिळाली की मग बघायलाच नको. ती सोय खरं तर दृष्टिहीन लोकांसाठी आहे. स्क्रीनवर काय आहे ते वाचायचं आणि माणसाच्या वतीने बटणं दाबायची. चोराला यापेक्षा काय हवं?

आईने परवानगी दिली नव्हती. विचारायला फोन केला म्हणून वाचलो. मी कॉल घेतला नसता तर? डिप्लॉयमेंटच्या वेळी मी शक्यतो घेत नाही.

तिच्या त्या खात्यात बाबांचे रिटायरमेंटचे पैसे आहेत. बाबा एसटीतून निवृत्त झाले. बत्तीस वर्षांची नोकरी. "मोबाइलचं ते मला जमत नाही" म्हणून सगळे व्यवहार आईच करते.

त्या संध्याकाळी डोक्यात एकच किडा. अँड्रॉइड १३ मध्ये, म्हणजे २०२२ साली, गूगलने नेमकी याच चोरीसाठी एक आडकाठी घातली. असं बाहेरून आलेलं अॅप बसवलंत तर त्याला अॅक्सेसिबिलिटीची परवानगी सहजासहजी देताच येत नाही, ते बटणच बंद असतं. अभेद्य भिंत नाही ही, चोरांनी पळवाटाही शोधल्यात. पण वाटेत एक दार जास्त. आणि मी आईला दिलेला फोन? तो अँड्रॉइड १० वर आला होता, कंपनीने दोन अपडेट दिले आणि १२ वर थांबला. शेवटचा सिक्युरिटी पॅच २०२३ चा. म्हणजे ते दार त्या फोनला लावलेलंच नव्हतं, आणि लागणारही नव्हतं.

आता गंमत बघा. मी पोटापाण्यासाठी काय करतो? सर्व्हर सांभाळतो. एखाद्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला की ४८ तासांत पॅच लावायचा, नाहीतर ऑडिटमध्ये लाल शेरा. शनिवार असो की गणपती, लॅपटॉप उघडायचा. कुणा अनोळखी क्लायंटच्या डेटासाठी मी एवढा जागा, आणि आईच्या हातात दोन वर्षांहून जास्त काळ पॅच नसलेला फोन कव्हर घालून, काच लावून, कौतुकाने दिला. नवी बॅटरीसुद्धा टाकली. पॅचची तारीख मात्र बघितली नाही.

बरं, फोनचं आयुष्य एवढं कमी का? हार्डवेअर तर ठणठणीत असतं. अडचण अशी की नवं अँड्रॉइड चालायचं तर चिप बनवणाऱ्या कंपनीने खालचं सॉफ्टवेअर पुरवत राहायला हवं, मग फोन कंपनीने ते प्रत्येक मॉडेलवर बसवून तपासायला हवं. जुन्या मॉडेलसाठी हे करण्यात पैसा मिळत नाही. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर प्रोजेक्ट ट्रेबल आलं, त्याने हे दोन थर वेगळे केले आणि काम सोपं झालं. तरी खरा बदल दिसायला २०२३ उजाडलं. पिक्सेल ८ बरोबर गूगलने सात वर्षांचे अपडेट कबूल केले, जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी तेच केलं. युरोपियन युनियनमध्ये तर २० जून २०२५ पासून नियमच आहे, मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट. म्हणजे हे अशक्य कधीच नव्हतं. आपण मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही.

आपण काय मागतो? कॅमेरा किती, रॅम किती, चार्जिंग किती वॉट. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख उलटसुलट करून बघणारे आपण, पण चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूची अखेरची तारीख विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ही तारीख खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायची सक्ती आपल्याकडेही व्हावी. माझ्या नव्या फोनची तारीख एप्रिल २०३२ आहे. हे मला कंपनीच्या साइटवर शोधावं लागलं.

आणि दुसरं मत, जे जास्त कटू आहे. उतरंड उलटी हवी. घरात सगळ्यात सुरक्षित फोन कुणाकडे असावा? एपीके म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याच्याकडे, की "आपल्याच माणसाकडून आलीये रे" म्हणणाऱ्या माणसाकडे? मी जुन्या फोनवर सावधपणे दोन वर्षं काढलीच की. तेच करायला आईला सांगणं म्हणजे नुकत्याच गाडी शिकलेल्या माणसाला ब्रेक ढिले असलेली गाडी देऊन "जरा जपून चालव" म्हणणं.

आता तुम्ही म्हणाल, पॅच असला म्हणून काय फसवणूक थांबते? नाही थांबत. 'डिजिटल अरेस्ट'वाला व्हिडिओ कॉल लावून घाबरवतो तेव्हा फोन २०१७ चा असो की आजचा, फरक पडत नाही. पैसे माणूस स्वतःच्या हाताने पाठवतो. तिथे घरी बोलून ठेवणं हाच उपाय, आणि १९३० हा हेल्पलाइन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवणं. पण म्हणून दाराला कडी नको असं कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. चालू फोन टाकून नवे घ्यायचे तर कचऱ्याचं काय? २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा झाला नाही. हे मला खुपतं. म्हणून तर सात वर्षांचं कौतुक. आणि जुना फोन फेकायचा नाही, त्याच्यावरून पैसे काढायचे.

मी काय केलं? माझा पिक्सेल आईला द्यायला निघालो होतो. ती म्हणाली, "एवढा महागाचा मी भाजी आणायला नेऊ होय? हातातून पडला म्हणजे?" तिच्या आवाजात जी धास्ती होती ती पाहून आग्रह सोडला. मग गॅलेक्सी ए१६ ५जी घेऊन दिला. वीस हजारांच्या आतबाहेरचा फोन, पण सहा वर्षांचे अपडेट. म्हणजे स्वस्तात मिळत नाही हे निमित्तही आता उरलेलं नाही. नव्या फोनवर तिची बँक तिच्या समोर बसून चालू केली, जुन्यावरून काढली, सिम काढलं. तो जुना आता स्वयंपाकघरात वाय-फायवर अभंग लावतो. त्याच्यात चोरण्यासारखं काही नाही.

आईचं फर्स्ट इम्प्रेशन विचारलं. "बरा आहे. पण तुझ्या जुन्याने फोटो छान यायचे."

चालायचंच.

शनिवार आहे, घरी फोन करणारच असाल. तब्येत, पाऊस, जेवण झालं का, हे सगळं झालं की एवढंच विचारा. सेटिंग्जमध्ये जा, 'अबाउट फोन' उघडा, सिक्युरिटी अपडेटची तारीख वाचून दाखवा. वाचायला वेळ लागेल, चष्मा शोधावा लागेल. थांबा तेवढं.