दत्तक नामंजूर

सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज १८४८ साली निपुत्रिक वारले, त्यांनी मरतेसमयी घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसी यांच्या सरकारने नामंजूर केला आणि संस्थान खालसा झाले, हा इतिहास सातारच्या शाळकरी पोरासही पाठ आहे. हे धोरण साहेबाबरोबरच विलायतेस परत गेले अशी आमची समजूत होती; परंतु भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या दफ्तरात ते अद्याप जारी असल्याचे दिसते. तेथे खालसा होतात ते खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे.

२०१७ साली कोलंबो येथे पालघरच्या शार्दूल ठाकूर यांनी, आपल्या जन्मतारखेतील अंकांच्या बेरजेची पुन्हा बेरीज केली की दहा येते एवढ्या निरुपद्रवी आधारावर, १० क्रमांकाचा सदरा अंगात घातला, तेव्हा सचिनभक्तांनी असा काही गहजब केला की त्या गृहस्थांना पुढे ५४ वर समाधान मानावे लागले, आणि तेंडुलकरांचा दहा कोणताही समारंभ न होता कपाटात गेला. २०२३ साली धोनींचा ७ त्याच्या शेजारी जाऊन बसला. मे २०२५ मध्ये विराट कोहली यांनी कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला, त्यास तीन आठवडे होतात न होतात तोच इंग्लंडात भारत ‘अ’ संघाच्या मुकेश कुमार यांच्या पाठीवर कोहलींचा १८ झळकला, आणि जणू काही देवस्थानच्या इनाम जमिनीवर कुणी नांगर घातला, अशी ओरड सुरू झाली.

ही रीत अमेरिकेत जुनी आहे. तेथील बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीज या संघाने दुर्धर व्याधीने खेळ सोडावा लागलेल्या लू गेरिग यांचा ४ हा क्रमांक १९३९ साली प्रथम राखून ठेवला, आणि तेव्हापासून या संघाने औदार्याचा असा सपाटा लावला की आज त्यांच्याकडे एकपासून दहापर्यंतचा एकही आकडा नव्या पोराला द्यावयास शिल्लक नाही. त्यातल्या त्यात आम्हांस मनापासून पटतो तो जॅकी रॉबिन्सन यांचा ४२. वर्णभेदाची भिंत फोडून मैदानात उतरलेल्या या खेळाडूचा क्रमांक १९९७ साली सर्वच प्रमुख संघांनी बंद केला. पण तेथेही दरवर्षी १५ एप्रिलला झाडून सारे खेळाडू तोच ४२ पाठीवर घालून खेळतात. म्हणजे उत्तम आकड्यासही अधूनमधून ऊन दाखवावे लागते.

आमच्या मुलुखाची अडचण निराळी आहे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांनी १९४८ साली ॲडलेडच्या कसोटीत ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली आणि १९५२ साली मद्रासेस त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला; पण त्यांची पाठ कोरी होती, कारण कसोटीच्या पांढऱ्या सदऱ्यावर आकडे आले ते थेट २०१९ साली. त्याच १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तर पैलवान. लंगोटावर आकडा कोठे घालणार? राखून ठेवण्याजोगे काहीच हाती नसल्यामुळे हजाऱ्यांच्या नावाने देशातली एकदिवसीय सामन्यांची स्पर्धा सुरू झाली, आणि तेथे दरसाल नवी पोरे धावा काढतात. आमच्या मते हा व्यवहार कपाटापेक्षा फायद्याचा आहे.

आता अठराचे पाहा. जुलैच्या १८ तारखेस जन्मलेल्या आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मंधाना कित्येक वर्षे हाच आकडा पाठीवर वागवीत आहेत, आणि तोच पाठीवर घेऊन त्या २०२५ च्या नोव्हेंबरात विश्वविजेत्या संघाच्या उपकर्णधार म्हणून मिरवल्या. उद्या मंडळाने १८ खालसा केला तर हुकूम पुरुषांच्या संघापुरता की साऱ्या अमलाखालच्या मुलखास लागू, याचा खुलासा त्याच हुकुमात झालेला बरा. कारण सांगलीकरांस दत्तकाचे वावडे नाही. सातारा बुडाले तरी पटवर्धनांची गादी पुढे दत्तकानेच १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत चालली. शिवाय मंधानाबाईंचा हक्क दत्तकाचाही नव्हे, जन्मतारखेचा आहे!

आणि खालशाचा हा वरवंटा असाच फिरत राहिला, तर परिवहन खात्याचे काय करावयाचे? एमएच १० ही सांगलीची निशाणी. मार्केट यार्डात हळदीची पोती लादून, मागचा फाळका दोरीने आवळून उभा असलेला पिवळ्या धुळीने माखलेला टेम्पो बिनदिक्कत तेंडुलकरांचा आकडा मिरवतो, आणि त्याविरुद्ध आजवर कुणी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

परवा सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका खेळसाहित्याच्या दुकानात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर निळा सदरा घेण्यास आली होती. आकडा अठराच हवा, यावर ती ठाम होती. “वर नाव कोहली टाकू का स्मृती?” दुकानदाराने विचारले. “नावाचे पैसे वेगळे पडतात का हो?” वडील म्हणाले. पडतात असे कळताच त्यांनी निकाल दिला, “मग नुसता आकडाच छापा.”