माझी मास्तरीण, वय वर्षे आठ

दोस्तांनो, पुढच्या आठवड्यात मी पुण्याला परत येतेय. नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेकाठच्या एका जीवनशाळेत वर्षभर शिकवलं. म्हणजे खडू माझ्या हातात असायचा, शिकत होते मात्र मीच!

आता जीवनशाळा म्हणजे काय, तर सरदार सरोवर धरणाच्या बुडितातल्या आदिवासींनी आणि नर्मदा बचाव आंदोलनानं मिळून काढलेली शाळा. चिमलखेडी आणि निमगव्हाण इथं 1991-92 च्या सुमारास पहिल्या शाळा निघाल्या. सातपुड्याच्या या डोंगरात मास्तर टिकत नसत, मग गावानंच शाळा उभी केली. इथं लहान मुलं आधी आपल्या बोलीत शिकतात, पावरीत नाहीतर भिलोरीत, आणि मग मराठीत.

माझी पंचाईत झाली ती इथंच. मला बोलीतलं ओ की ठो कळेना! शेवटी एका आठ वर्षांच्या पोरीनं मला शिकवायला घेतलं. पहिला शब्द 'याहा', म्हणजे आई. याहा मोगी ही इथली देवी, तीही आईच. माझा उच्चार ऐकून वर्ग खो-खो हसायचा, पण मला पुन्हा म्हणायला लावल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. (आपल्या वर्गात एखादं नवं मूल मराठी बोलताना अडखळलं, तर आपण असं थांबतो का हो?)

कुणाच्याही घरी जा, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पुढ्यात यायचीच. पण आभार नुसते भाकरीचे कसे मानू? एका आजीनं मला काठावर नेलं आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिथं माझं शेत." मला नुसतं पाणीच दिसत होतं. या धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली. त्याच्या विजेत आपल्या राज्याचा वाटा 27 टक्के. तुमच्या-माझ्या अभ्यासाच्या दिव्यात त्यातली थोडी तरी असणारच. हे त्या आजीला कसं सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

जाणार म्हटल्यावर मास्तरीणबाईंनी गृहपाठ दिलाय : रोज पाच शब्द पाठ. तपासायला मी पुन्हा यायचं, मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत. तेव्हा भल्या पहाटे उठावं लागेल, हेही बजावून सांगितलंय!