कळविण्यात येते की...

दमण्याच्या बाबतीत मराठी भाषा दरिद्री आहे असे कोणी म्हणू नये. चालून चालून पाय भागतात, प्रवासाचा शीण येतो, लग्नघरात पिट्ट्या पडतो, पाहुण्यांनी आठवडाभर मुक्काम ठोकला की जीव मेटाकुटीला येतो, आणि जाताना दारात उभे राहून ते "आणखी दोन दिवस राहावं म्हणतो" म्हणाले की जे होते त्याला वैताग म्हणतात. एवढी शब्दसंपत्ती घरात असताना आमची भाची परवा म्हणाली, "मामा, मला बर्नआउट झालंय."

त्या वेळी आमच्याकडे चहाला शेजारचे एक निवृत्त गृहस्थ बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि जाहीर केले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"आमच्या वेळी" या दोन शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. या गृहस्थांनी एकाच कचेरीत बत्तीस वर्षे काढली आणि बत्तीसही वर्षे त्यांना पित्त होते. सोड्याची पुडी खिशात असल्याशिवाय ते मस्टरवर सही करत नसत. डॉक्टर झाले, वैद्य झाले, साबुदाण्याच्या गोळ्या झाल्या. पित्त हटेना. मग एके दिवशी ते निवृत्त झाले आणि तिसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या हॉटेलात तर्री मारून मिसळ खाताना दिसले. माणसाबरोबर पित्तही निवृत्त झाले होते. फरक एवढाच की पित्ताला निरोपसमारंभ झाला नाही. तेव्हा दुखणे जुनेच आहे, नाव तेवढे नवे.

तसे तेही फार नवे नाही. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञाने या विषयावर निबंध लिहिला. दिवसा स्वतःचा व्यवसाय करून रात्री तो गोरगरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात राबत असे. तिथे हौसेने, तळमळीने कामाला आलेली माणसे काही महिन्यांत कशी विझून जातात, हे त्याने पाहिले, आणि स्वतःवर अनुभवलेही. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जळून खाक व्हायला आधी पेटावे लागते. ज्याने अकरा वाजता येऊन कोट खुर्चीवर टांगला आणि कोटाला कामाला ठेवून स्वतः कँटीन गाठले, त्याला बर्नआउट होत नाही. ओले लाकूड जळत नाही, नुसते धुमसते. धूर बाकीच्यांच्या डोळ्यांत जातो.

पुढे २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात याची रीतसर व्याख्या दिली. हा रोग नव्हे, नोकरीधंद्यातून उद्भवणारी अवस्था आहे, असे तिथे म्हटले आहे. खुणा तीन. अंगातले त्राण जाणे, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. (ही व्याख्या आयुष्याच्या इतर भागांना लावू नये, अशीही सूचना आहे. म्हणजे पहाटे पाचला कुकर लावणाऱ्या आणि रात्री अकराला ओटा पुसणाऱ्या गृहिणीला बर्नआउट होण्याची सोय नाही. तिने आपले जुन्या पद्धतीने दमावे.)

पण त्या व्याख्येतली खरी गंमत पुढेच आहे. हे सगळे कशाने होते? तर कामाच्या जागी दीर्घकाळ टिकलेल्या आणि यशस्वीपणे न हाताळल्या गेलेल्या ताणाने. न हाताळल्या गेलेल्या! कोणाकडून? ते वाक्य सांगत नाही. "आंबा खाल्ला गेला." कोणी खाल्ला? आंबा गेला एवढे नक्की.

कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य घरचेच वाटेल. "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की..." कोण कळवतो? कोणी नाही. ते आपोआप येते, जसा पाऊस येतो. "विलंब झाला आहे." कोणी केला? तो झाला. कर्ता गाळून वाक्य लिहिण्यात आपल्या कचेऱ्यांचा हात धरणारे जगात कोणी नसावे. आणि कर्ता गाळला की ती रिकामी जागा भरायला दोघे धावतात. ऑफिस म्हणते, ताण तुला हाताळता आला नाही. नोकर म्हणतो, ताण तुम्ही हाताळला नाहीत. भांडण आहे ते या गाळलेल्या जागेचे.

आधी ऑफिसचे ऐकू. भाचीच्या खात्यात चार माणसांचे काम दोघांवर आले होते. दोघे सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. दोघी रात्री नऊपर्यंत बसू लागल्या. हे वरिष्ठांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी तातडीने उपाय केला. व्याख्यान ठेवले. विषय : कामाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदला. वार शनिवार. म्हणजे सुट्टीचा. पाहुण्यांनी टेबलावर अर्धा पेला पाणी ठेवून विचारले, "हा अर्धा भरलेला आहे की अर्धा रिकामा?" अहो, हा प्रश्न तहान नसलेल्यांनी एकमेकांना विचारायचा असतो. तहानलेला माणूस नळ कुठे आहे ते विचारतो.

डोक्यावर दहा विटा आहेत. माणूस म्हणतो, पाच उतरवा. त्याला सांगतात, विटांकडे हसतमुखाने पाहा. पाहिले. वीट हलकी झाली नाही, सकारात्मक झाली. मान मात्र पूर्वीसारखीच मोडते.

आपण ज्या रविवारी दुपारी मटार-उसळ हाणून घोरतो, तो रविवार कोणाच्या दृष्टिकोनातून आलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० साली गिरणीमालकांना आठवड्याची सुट्टी मान्य करावी लागली. लोखंड्यांनी कामगारांना रोज सूर्योदय पाहून मन प्रसन्न ठेवायला सांगितले नाही. सूर्योदयाला ते गिरणीत असत. त्यांनी मालकांना सांगितले, एक दिवस द्या. त्या सुट्टीवर पुढे आम्हा पांढरपेशांनी चार पिढ्या झोपा काढल्या.

आता तो रविवारही सुखाने घोरू देत नाहीत. २०२३ साली नारायण मूर्तींनी सांगितले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे बोलणे गाजले. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची त्यांना खंत होती, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ टक लावून पाहणार, असा सवालही होता. मोठी माणसे आहेत, आपण फक्त हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. पैकी ९० ऑफिसला. रोजची आठ तास झोप म्हणजे ५६. उरले २२. बदलापूरहून मुंबईला जाण्या-येण्याचे रोज तीन तास, सातही दिवस, म्हणजे २१. बाकी एक तास. या एका तासात सात आंघोळी, चौदा जेवणे, दळण आणि मुलांचा अभ्यास. बायकोकडे टक लावून पाहण्याचा प्रश्न येतो कुठे? तिने दार उघडल्यावर आपल्याला ओळखले तरी पुष्कळ.

इथवर वाचून नोकरदार मंडळींनी माना डोलावल्या असतील. आता जरा मान स्थिर ठेवा. दुसरी बाजू आपली आहे.

साहेबाने रविवार मागितला तर तो जुलूम. आपण न मागता देतो त्याचे काय? सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी "आचमन करा" म्हणतात तेव्हा यजमानांच्या उजव्या हातात पळी आणि डाव्या हातात फोन. गणपतीपुळ्याच्या वाळूत एक सद्‍गृहस्थ समुद्राकडे पाठ करून, हात उंच धरून उभे होते. मला वाटले सूर्याला अर्घ्य देताहेत. ते रेंज शोधत होते. फ्रान्सने २०१७ पासून कामाची वेळ संपल्यावर ऑफिसच्या निरोपांपासून अलिप्त राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तशा अर्थाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, त्याचा कायदा काही झाला नाही. व्हायला हवा, या मताचा मी आहे. पण कायद्याने फार तर समोरून येणारा निरोप थांबेल. निरोप आला नाही म्हणून कासावीस होऊन दर पाच मिनिटांनी फोन उघडणारा अंगठा कोणता कायदा थांबवणार?

आणि दमल्याचा अभिमान! लग्नाच्या पंगतीत दोन नोकरदार भेटू द्या. एक म्हणतो, "सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही हो." दुसरा म्हणतो, "तुम्हाला श्वास आठवतो तरी!" जो जास्त मेला तो मोठा. "आपण कोण?" या प्रश्नाला आपण हुद्दा सांगतो. हुद्दा गेल्यावरही दारावरच्या पाटीवर "निवृत्त" या शब्दाच्या आधाराने त्याला उभा करतो. सगळे आयुष्य एकाच खुंटीला टांगल्यावर खुंटी हलली की घर हलणारच.

माझ्या माहितीतले एक जण बावीस वर्षे राजीनामा देताहेत. राजीनामा लिहून तयार आहे, टेबलाच्या खणात. कागद पिवळा पडला आहे. मजकूर उत्तम आहे. दरम्यान पाच साहेब बदलले, तेव्हा वरचे नाव खोडून नवे घालण्याची काळजी त्यांनी घेतली आहे. त्यांची प्रत्येक तक्रार खरी आहे. बढती डावलली, खरे. काम ढकलले, खरे. पण खरी तक्रार ही फार आरामशीर खुर्ची असते. चूक त्यांची आहे तोवर उठायचे त्यांनी. आणि मग एक दिवस आपल्याच आयुष्याचे परिपत्रक आपल्या हातात पडते : कळविण्यात येते की बावीस वर्षे घालविण्यात आली आहेत.

यावर कोणी म्हणेल, बोलायला काय जाते, घराचा हप्ता कोण भरणार? आईची औषधे? कबूल. सगळ्यांना नोकरीला लाथ मारता येत नाही, आणि मारावी असे मी म्हणतही नाही. माझे म्हणणे एवढेच की माझ्या कामाकडे मी कोणत्या नजरेने पाहायचे, पाच वर्षांनी कुठे असायचे, कशासाठी दमायचे आणि कशासाठी नाही, ही माझी मालमत्ता आहे. ती माझी आहे म्हणूनच ऑफिसने आपल्या रिकाम्या जागा बुजवायला ती वापरू नये. आणि माझी आहे म्हणूनच मीही ती ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवून किल्ली साहेबाकडे देऊ नये.

भाचीने काय केले ते सांगतो. आपल्याकडे "नाही" म्हणायची रीत नाही. आपण "बघतो" म्हणतो आणि साहेब ते "हो" असे ऐकतो. तिने दोन आठवडे वहीत टिपून ठेवले, कोणते काम कधी आले, किती तास खाल्ले. ती वही पुढे ठेवून म्हणाली, "सर, हे दोघींच्यानं होत नाही. नवं काम आजच हवं असेल तर यातलं कुठलं बाजूला ठेवू, तेवढं सांगा."

साहेब म्हणाले, "तुमचा दृष्टिकोन नकारात्मक आहे."

ती म्हणाली, "सर, दृष्टिकोन माझा आहे, तो मी बघते. कामाचं तुम्ही बघा."

नोकरी गेली नाही. दोनपैकी एक जागा भरली. दुसरीही लवकरच भरण्यात येईल असे कळविण्यात आले आहे. तिने मात्र आपली पुढची वर्षे त्या कळविण्यावर सोपवलेली नाहीत. साडेसहाला उठते, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी एका नव्या अभ्यासक्रमाला जाते, दोन ठिकाणी अर्जही केले आहेत. खणातला कागद तिने पिवळा होऊ दिलेला नाही.

तेव्हा ओझे ज्याने लादले त्याचे नाव वाक्यात आले पाहिजे, त्याला गाळू देऊ नका. आणि "मी पुढे काय करणार" या वाक्यातून स्वतःलाही गाळू नका. "मी हे करीन. मी हे करणार नाही." याला कर्तरी प्रयोग म्हणतात. शाळेत तोच सगळ्यात आधी शिकवतात. नोकरी लागली की आपण तो विसरतो.